खिशातल्या कुलुपाची गोष्ट

अकोल्या-अमरावतीत नव्वदच्या दशकात डीटीपीचं दुकान चालवणाऱ्याला लग्नपत्रिकांच्या मजकुराइतकाच जीव लावावा लागे तो डोंगलला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी वापरायची तर ही ठोकळ्यासारखी वस्तू प्रिंटरच्या पोर्टात खोचायची आणि तिच्या पाठीत प्रिंटरची केबल. सॉफ्टवेअर सुरू होताना पोर्टाकडे विचारणा करी. डोंगलनं उत्तर दिलं नाही तर सीडी हातात असून काम ठप्प. ऐन लग्नसराईत रात्री दुकान बंद करताना डोंगल काढून खिशात टाकणारा मालक मुळीच वेडा नव्हता.

डोंगलसारख्या वस्तूपेक्षा किल्ली म्हणून टाइप करायचे आकडे स्वस्त. पण सुरुवातीचे आकडे फारच भोळे होते. विंडोज ९५ च्या किल्लीतल्या शेवटच्या सात अंकांच्या बेरजेला ७ नं पूर्ण भाग गेला, की सॉफ्टवेअर जवळपास खूश! शिवाय एकच किल्ली गावभर चाले.

२००१ मध्ये विंडोज एक्सपीनं किल्लीची गाठ यंत्राशी मारली. हार्डवेअरच्या खुणांवरून लांबलचक क्रमांक तयार होई. इंटरनेट नसलं तर तो फोनवर वाचून दाखवायचा आणि पलीकडून आलेले आकडे जपून टाइप करायचे.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या टॅलीच्या ईआरपी ९ नं फोनऐवजी फाइल धरली. धारणीच्या एखाद्या दुकानात नेट नाही असं समजा. तिथल्या संगणकावर विनंतीची फाइल तयार करायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची, सेमाडोहमार्गे परतवाड्याला जाऊन नेटवाल्या संगणकावरून पाठवायची. मिळालेली उत्तराची फाइल परत आणून कॉपी करायची, ईमेलवर आलेली अनलॉक की टाकायची. पुण्याच्या क्विक हील अँटीव्हायरसचा ऑफलाइन मार्गही असाच: प्रॉडक्ट की आणि इन्स्टॉलेशन नंबर वेबसाइटवर भरला, की परवान्याची फाइल मिळते.

अशा फाइलवर विसंबायचं कसं, तर सहसा डिजिटल सहीच्या भरवशावर. सही करण्याची गुप्त किल्ली कंपनीकडेच राहते. ग्राहकाच्या संगणकातली जोडकिल्ली सही फक्त तपासू शकते, करू शकत नाही. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. जोडकिल्ली संगणकातच असल्यानं तपासणीच्या वेळी नेट लागतच नाही.

खरी पंचाईत होते ती संगणक फॉरमॅट मारल्यावर, कारण परवान्याची फाइलही पुसली जाते. टॅलीत त्यासाठी परवाना आधी ‘सरेंडर’ करायची, म्हणजे कंपनीकडे परत सोपवायची, सोय आहे, पण हार्ड डिस्क अचानक बसली तर सरेंडर करायला वेळ कुठला? मग बिल शोधायचं, सिरियल नंबर काढायचा आणि कंपनीला फोन लावायचा.