कलौंजीचे तेल : धंदा चांगला, पण बाटलीत काय आहे?

गेल्या रमजानच्या तोंडावर एक तरुण आमच्या कार्यालयात जाहिरात घेऊन आला. कलौंजीच्या तेलाची जाहिरात होती. १०० मिलीची बाटली, किंमत ६० रुपये. मधुमेह, रक्तदाब, लकवा, संधिवात आणि स्त्रियांचे सर्व विकार यांवर एकच रामबाण उपाय, असा मजकूर. वर हदीसचा उल्लेख आणि कोपऱ्यात घुमटाचे चित्र. तीन अंकांचे पैसे तो रोख व आगाऊ द्यायला तयार होता. साप्ताहिक चालविणाऱ्यांना रोख पैशाचे मोल वेगळे सांगायला नको. तरीही आम्ही ती जाहिरात परत केली. तो नाराज झाला. "साहेब, सगळे छापतात. तुम्ही काय हदीस खोटी म्हणता का?" असे विचारून निघून गेला. त्याला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून आज या पानावर ते देत आहोत.

हदीस खोटी म्हणण्याचा प्रश्नच नाही. कलौंजीत मृत्यूखेरीज प्रत्येक विकारावर शिफा असल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. परंतु इमाम खत्ताबींसारख्या जुन्या भाष्यकारांनीही तिचा अर्थ सरसकट घेतलेला नाही. थंड व ओलसर प्रकृतीच्या विकारांसाठी हे उष्ण औषध आहे, असे त्यांचे म्हणणे. शिवाय हजरत सअद (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितल्याचे हदीसमध्येच आले आहे. घरात कलौंजी असूनही वैद्याची गरज संपत नाही, हे यावरून कळते. आणि समजा, हदीसचा अर्थ सरसकट घेतला, तरी ती कलौंजीविषयी आहे. साठ रुपयांच्या त्या बाटलीविषयी नाही.

त्या बाटलीचा हिशेब मांडून पाहू. लहान घाण्यावर थंड पद्धतीने तेल काढले तर बियांच्या वजनाच्या पाव भागाच्या आसपास तेल मिळते. म्हणजे किलोभर तेलाला साधारण चार किलो बी लागते. बियांचा भाव किलोला २५० रुपये धरला, तर १०० मिली तेलात सुमारे ९० रुपयांचे नुसते बी गेले. पुढे घाण्याची मजुरी, वीज, गाळणी, बाटली, बूच, लेबल, खोका, वाहतूक आणि दुकानदाराचे कमिशन. पेंड विकून थोडे पैसे परत येतात, पण फार नाही. मग साठ रुपयांत तेल विकून धंदा चालतो कसा? उत्तर सोपे आहे. त्यात कलौंजी नावापुरती असते आणि उरलेले दुसरे स्वस्त तेल. भाव वर-खाली झाला तरी हिशेबाची रीत बदलत नाही. आपल्या बाजारातला बियांचा भाव विचारावा, चारने गुणावे आणि मग बाटलीवरची किंमत पाहावी.

बियांचाही घोळ आहे. आपल्याकडे कित्येक घरांत, काही दुकानांतसुद्धा, कलौंजीला कांद्याचे बी म्हणतात. हे साफ चूक आहे. कलौंजी ही बचनागाच्या कुळातली वनस्पती. कांद्याशी तिचे काही नाते नाही. दिसायला मात्र दोन्ही काळी, कोनदार आणि जवळजवळ सारखीच. कांद्याच्या बियांची उगवणशक्ती वर्षभरात बरीच कमी होते. तसे जुने बी कोणी पेरत नाही, मग ते कुठे जाते याचा विचार घेणाऱ्याने करावा. त्यातून पेरणीच्या बियांना थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले असते, म्हणजे ते पोटात जाणे धोक्याचेच. ओळख कठीण नाही. दाणे तळहातावर घेऊन चोळावेत. कलौंजीला ओव्याकडे झुकणारा तिखट वास येतो, कांद्याच्या बियांना तसा येत नाही. मध्य प्रदेशातील नीमचची मंडी औषधी वनस्पती व कलौंजीसाठी नावाजलेली आहे. तिकडून माल मागविणाऱ्याने आधी नमुना मागवून ही परीक्षा करावी.

आता औषधाच्या दाव्याचे. कलौंजीच्या तेलातील थायमोक्विनोन या घटकावर बरेच संशोधन झाले आहे. मधुमेहाच्या रुग्णांवरील काही लहान चाचण्यांत साखर थोडीफार उतरल्याचे दिसले, परंतु त्यांतील बहुतेक रुग्णांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या. गोळ्या सोडून तेल प्यावे, असे त्यातून निघत नाही. उलट, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जादा तेल घेतले तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. गरोदर स्त्रियांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. जाहिरातीत यातला एक शब्दही नसतो. गरीब माणूस मात्र जाहिरात वाचून हिशेब करतो की महिन्याच्या गोळ्यांपेक्षा ही बाटली स्वस्त पडते. आम्हाला धास्ती त्याची आहे.

गंमत अशी की खरे युनानी शास्त्र असे बोलतच नाही. चांगला हकीम नाडी पाहतो, मिजाज ठरवतो आणि औषधाआधी सहा गोष्टी विचारतो: हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि शरीरातून काय बाहेर पडते व काय अडते. यांना अस्बाब-ए-सित्ता जरूरिया म्हणतात. आपल्यातला रात्री दोनपर्यंत जागणारा, शीरमाल-निहारीवर ताव मारणारा आणि मशिदीपर्यंतही मोटारसायकलवर जाणारा मधुमेही अशा हकिमासमोर बसला, तर तेलाआधी त्याला बरेच काही ऐकावे लागेल. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामचे, मालेगावात मन्सुरा येथील मोहम्मदिया असे तिब्बिया महाविद्यालय आहे. तेथून पदवी घेतलेल्या डॉक्टरांना विचारणे कठीण नाही.

कायदाही स्पष्ट आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लकवा, संधिवात असे ५४ विकार दिले आहेत. यांवर उपाय असल्याची जाहिरात करता येत नाही, आणि ती छापणाराही त्यात सापडतो. म्हणजे त्या तरुणाबरोबर आमचीही मान अडकली असती.

मग हा धंदाच करू नये काय? तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. लहान घाणा, एक खोली आणि दोन माणसे एवढ्यावर हा धंदा उभा राहतो. घरातील भगिनीही तो सांभाळू शकतात. फक्त एक गोष्ट आधी ठरवावी: आपण खाद्यतेल विकतो की औषध? खाद्यतेल म्हणून विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी, चौदा आकडी क्रमांक बाटलीवर, आणि रोग बरा करण्याचा दावा नाही. युनानी औषध म्हणून विकायचे तर अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना, ठरलेल्या दर्जाची जागा, तज्ज्ञ माणूस, बॅच क्रमांक आणि घटकांची खरी यादी. पहिली वाट सोपी व स्वस्त आहे. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. तेल थोडे काढावे, काळ्या किंवा तपकिरी काचेत भरावे, काढल्याची तारीख घालावी. बियांचे बिल ग्राहकाला दाखवायची तयारी ठेवावी. या शेवटच्या गोष्टीला आम्ही जास्त महत्त्व देतो.

हमदर्दचे उदाहरण घ्या. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ साली दिल्लीत एक लहानसा दवाखाना काढला. त्यांचे पुत्र हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ साली तो सारा व्यवसाय वक्फ केला. पुढे जामिया हमदर्द हे विद्यापीठ त्यातूनच उभे राहिले. या घराण्याचे घरोघरी पोचलेले उत्पादन म्हणजे रूह अफजा. ते युनानी पाठावरून तयार झालेले आहे, पण बाटलीवर शरबत म्हणूनच विकले जाते. इफ्तारला लोक ते आवडीने पितात. त्याने मधुमेह बरा होतो असे कोणी सांगत नाही, सांगितले तर हसू येईल.

बाजारात धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) आतला ओला माल बाहेर काढल्याची हकीकत वाचकांना माहीत आहे. तेल ओतलेली बाटली अशी हात घालून पाहता येत नाही. म्हणून विकणाऱ्यावरची जबाबदारी अधिक आहे.

त्या तरुणाला आम्ही निरोप पाठविला आहे. विकारांची यादी काढून टाकावी, बियांचे बिल आणि नोंदणी क्रमांक आणावा. शुद्ध कलौंजी तेल एवढ्या मजकुराची जाहिरात पहिल्या अंकात आम्ही विनामूल्य छापू. किंमत साठ रुपये राहणार नाही, हे त्यालाही कळत असेल. अजून तो आलेला नाही.