हॅमच्या वहीतलं आकाश

पुण्याहून कोल्हापूर सरळ रेषेत साधारण २०० किलोमीटर. पण पुण्यातला एखादा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, सकाळी नऊच्या सुमारास ७ मेगाहर्ट्झवर कोल्हापूरच्या मित्राला "नमस्कार, चहा झाला का?" असं विचारतो, तेव्हा तो आवाज सह्याद्रीच्या कडेकडेनं जात नाही. तो जवळजवळ सरळ वर जातो, सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून परत फिरतो आणि कोल्हापुरात उतरतो. एकूण प्रवास सव्वासहाशे किलोमीटरच्या वर, वेळ दोन मिलिसेकंदांच्या आसपास.

आता तोच हॅम हिवाळ्यात पहाटे पाचला सेट लावून बसला, तर बऱ्याचदा कोल्हापूर गायब असतं, आणि दिल्ली मात्र स्वच्छ ऐकू येते. सेट तोच, तार तीच, ताकद तीच. बदललं ते फक्त वरचं आकाश. माझा पीएचडीचा विषय हे वरचं आकाश आहे आणि आज मला तुम्हाला सांगायचंय ते हे, की या लोकांच्या रोजच्या वहीत आमच्या कामाचं काय काय पडलेलं असतं.

आधी हा छंद नेमका काय ते थोडक्यात. दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी नावाची शाखा आहे, ती परीक्षा घेते आणि पास झालात की तुम्हाला एक संकेतनाम मिळतं, व्हीयू२ किंवा व्हीयू३ पासून सुरू होणारं. व्हीयू म्हणजे भारत. त्यानंतर ठरवून दिलेल्या पट्ट्यांवर तुम्ही जगातल्या कुठल्याही हॅमशी बोलू शकता. पैसे कमवायचे नाहीत, गाणी लावायची नाहीत, धंद्याचं बोलायचं नाही. मग बोलतात काय? खरं सांगू, सगळ्यात जास्त बोलतात ते "मी तुम्हाला कसा ऐकू येतोय?" याबद्दल. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटतं. दोन माणसं अर्धा तास एकमेकांना फक्त आवाज कसा येतोय एवढंच सांगतायत! पण मला विचाराल तर तीच सगळ्यात मोलाची माहिती.

पेपरात हॅम येतात ते आपत्तीच्या वेळी. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी योगायोगानं हौशी रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होते, आणि त्यांच्या सेटवरून अंदमानातले निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचले. पण असे दिवस विरळा. बाकीचे दिवस साधे असतात. सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर हजेरी, दिवसभर नोकरी, संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर युरोप लागतोय का ते बघणं. आणि प्रत्येक संभाषणाची नोंद: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याचं संकेतनाम, आवाज किती स्पष्ट नि किती जोरात. शेवटी ७३, म्हणजे तारायंत्राच्या काळापासून चालत आलेल्या "शुभेच्छा".

आणि यातलं निम्मं आयुष्य गच्चीवर जातं. ७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ४२ मीटर, त्यामुळे अर्ध्या लांबीची अँटेना म्हणजे २० मीटर तार. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं ती कुठे ताणायची? पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत, मध्ये एक बांबू. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रश्न येतो, की याचा रेडिएशनचा त्रास नाही ना होणार? प्राथमिक दर्जाच्या परवान्यावर मिळणारी ५० वॉट ही मर्यादा जुन्या छताच्या पंख्याला लागणाऱ्या विजेपेक्षाही कमी आहे. उलट त्रास होतो तो हॅमलाच. स्वस्तातले एलईडी दिवे, चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर हे सगळे रेडिओ पट्ट्यांवर खरखर ओकत असतात आणि दूरवरचा बारीक आवाज त्याखाली गाडला जातो. माझ्या ओळखीच्या एका काकांनी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना स्वखर्चानं चांगला चार्जर आणून दिला, तेव्हा कुठे त्यांना संध्याकाळचा जपान परत मिळाला.

आता वरच्या आकाशाकडे येऊ. साधारण ६० किलोमीटरपासून वरती सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण हवेतल्या अणू-रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटे करतात. या भागाला आयनांबर म्हणतात. सगळ्यात खालचा थर डी. तो दिवसाच असतो आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. त्याच्या वर ई, आणि १५० किलोमीटरच्या वर एफ. एफ थर लहरींना वाकवून परत जमिनीकडे पाठवतो. सूर्य मावळला की डी थर झपाट्यानं विरतो, म्हणून लहानपणी रात्री रेडिओवर भलतीच स्टेशनं लागायची. एफ थर मात्र रात्रभर टिकतो, फक्त हळूहळू विरळ होत जातो आणि सूर्योदयाच्या थोडं आधी सगळ्यात विरळ असतो.

कोल्हापूर गायब होतं ते इथे. लहर सरळ वर गेली तर तिला परत फिरवायला दाट थर लागतो. तिरपी गेली तर कमी दाट थरावरही काम भागतं, तळ्यावर तिरपा फेकलेला चपटा दगड उसळतो तसं. पुणे-कोल्हापूर ही उडी जवळजवळ उभी. पुणे-दिल्ली सुमारे १२०० किलोमीटर, म्हणजे चांगली तिरपी. पहाटे विरळ झालेला एफ थर उभ्या लहरीला अडवू शकत नाही, ती सरळ अवकाशात निघून जाते. तिरपी मात्र अजूनही परत येते. मग सूर्य उगवतो, थर दाट व्हायला लागतो आणि तासा-दीड तासात कोल्हापूर "उघडतं". ज्या मिनिटाला ते उघडलं, त्या मिनिटाला तुमच्या डोक्यावरच्या थराची घनता किती आहे याचा बऱ्यापैकी अंदाज तुम्हाला मिळालेला असतो. हेच मोजायला आम्ही आयनोसोंड नावाचं यंत्र वापरतो. ते वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी सरळ वर पाठवून प्रतिध्वनीची वाट बघतं. पण ती यंत्रं देशात मोजक्याच ठिकाणी आहेत: थुंबा, तिरुनेलवेली, अहमदाबाद, प्रयागराज अशी. मधला प्रदेश केवढा मोठा आहे ते नकाशावर बघा.

आणि हा मधला प्रदेश फार नाठाळ आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ साली रॉकेट सोडायला थुंबा निवडलं ते याच कारणानं. दिवसा तिथल्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमुळे आयनांबरातला प्लाझ्मा वर उचलला जातो आणि मग चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना घसरत खाली येतो, अगदी कारंज्यासारखा. उत्तरेकडची धार साधारणपणे गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यावर पडते. म्हणजे तिथला थर खुद्द चुंबकीय विषुववृत्तावरच्या थरापेक्षाही दाट. महाराष्ट्र बसलाय या दोहोंच्या मधल्या उतारावर. कारंजं रोज सारखं उडत नाही. कधी जोरात, कधी मरगळलेलं. त्यामुळे आपल्याकडे काल आणि आज यांत जेवढा फरक पडतो तेवढा युरोपच्या आकाशात एरवी पडत नाही.

संध्याकाळी आणखी एक गंमत होते. सूर्यास्तानंतर एफ थर एकदम वर सरकतो, त्याची खालची बाजू विरळ होते आणि वर दाट, खाली हलकं अशी अस्थिर रचना तयार होते. पाण्यावर तेल तरंगतं, पण तेलावर पाणी ओतलं तर काय होईल? तेलाचे बुडबुडे वर घुसतील. तसेच विरळ प्लाझ्माचे बुडबुडे दाट थरातून वर चढतात, आणि त्यांतून जाणारी प्रत्येक लहर थरथरते. हॅमला हे ऐकू येतं. समोरच्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा, फडफडता येतो. पण हेच बुडबुडे उपग्रहांवरून येणारे दिशादर्शनाचे संकेतही अडखळवतात. विमानांसाठी उभारलेल्या आपल्या गगन यंत्रणेला आयनांबराच्या या स्वभावाशी झगडावं लागलं, कारण समशीतोष्ण प्रदेशांसाठी केलेली गणितं इथे तशीच्या तशी चालत नाहीत. म्हणून आपल्या डोक्यावरची मोजमापं आपल्यालाच हवीत.

हौशी लोकांच्या नोंदींनी विज्ञानाला खाद्य पुरवणं ही काही नवी गोष्ट नाही. १९१२ च्या अमेरिकन कायद्यानं हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबीवर ढकललं, कारण या आखूड लहरी दूरच्या संपर्कासाठी कुचकामी आहेत अशी तेव्हाची समजूत. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचे लेऑन देलॉय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल हे दोन हौशी साधारण ११० मीटरवर अटलांटिकपलीकडे एकमेकांशी बोलले, आणि त्या समजुतीचं काय व्हायचं ते झालं. आयनांबराच्या अस्तित्वाचा अॅपल्टन यांचा प्रयोग त्याच्या पुढच्या वर्षीचा.

अलीकडचं उदाहरण मला जास्त आवडतं. २१ ऑगस्ट २०१७ च्या खग्रास सूर्यग्रहणात अमेरिकेतल्या हॅमसाय या गटानं देशभरातल्या हॅमना त्या दिवशी नेहमीसारखं, पण भरपूर बोलायला सांगितलं. नंतर सगळ्या नोंदी एकत्र केल्या. १४ मेगाहर्ट्झवरची संभाषणं ग्रहणमध्याच्या आगेमागे तासभर रोडावली. ७ मेगाहर्ट्झवर एरवी ५०० किलोमीटरच्या आसपास होणारे संपर्क १००० किलोमीटरपर्यंत लांबले. आमच्या कोल्हापूर-दिल्लीचीच गोष्ट: थर विरळ झाला, जवळचं गेलं, लांबचं राहिलं.

आता यातली खोच. समजा एखाद्या दिवशी वहीत कोल्हापूरची नोंदच नाही. याचा अर्थ थर विरळ होता? की काकांना त्या दिवशी लग्नाला जायचं होतं? की कोल्हापूरचे मित्र झोपले होते? संभाषण झालं नाही आणि होऊ शकलं नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साधं लॉगबुक दोन्ही एकाच पद्धतीनं दाखवतं: कोरी ओळ. शिवाय हॅम रविवारी जास्त बोलतात, स्पर्धांच्या दिवशी तर तुटून पडतात. नुसत्या नोंदी मोजल्या तर आयनांबर आठवड्याची सुट्टी पाळतं असा निष्कर्ष निघेल!

यावर एक सुंदर तोड २००८ मध्ये निघाली. जो टेलर हे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ, आणि पक्के हॅम. त्यांनी डब्ल्यूएसपीआर नावाची पद्धत काढली, बोलीभाषेत "व्हिस्पर". संगणक ठरल्या मिनिटाला सुमारे ११० सेकंदांचा एक संदेश पाठवतो. त्यात तीनच गोष्टी: संकेतनाम, जागा, ताकद. जागा चार अक्षर-अंकांत, म्हणजे पुणे एमके६८, मुंबई एमके६९. ताकद अनेकदा एक वॉटहूनही कमी. जगभरातले संगणक रात्रंदिवस ऐकत असतात आणि कोण ऐकू आलं ते एका सामाईक यादीत टाकतात. माणूस झोपला तरी सेट जागा. त्यामुळे इथे "ऐकू आलं नाही" याला अर्थ येतो, कारण ऐकणारा तिथे होता हे त्याच्या बाकीच्या नोंदींवरून कळतं. फक्त नकाशावर युरोप-अमेरिकेत ठिपक्यांची दाटी, आणि आपल्याकडे तुरळक. जिथलं आकाश सगळ्यात नाठाळ, तिथेच कान कमी. इथे एखाद्या गच्चीवरची तार सोसायटीनं उतरवायला लावली, की मला त्या पट्ट्यातला एक कान गेल्यासारखं वाटतं. जर्मनीत शेजारच्या गावात दुसरा असतो.

म्हणून तुम्ही हॅम असाल किंवा होणार असाल, तर एक मागणं आहे. कुणी भेटलं नाही तरी वहीत ओळ लिहा: या वेळेपासून या वेळेपर्यंत, या फ्रिक्वेन्सीवर ऐकत होतो, कोणीही नाही. वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. अँटेना बदलली तर तेही लिहा, आणि शेजाऱ्यांनी नवा दिवा लावला तर तेही.

२ ऑगस्ट २०२७ ची तारीख आत्ताच लिहून ठेवा. त्या दिवशी दिव्यांची अवस आहे आणि सूर्यग्रहणही. खग्रास पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका, अरबस्तानातून जातोय. आपल्याकडे ते दुपारनंतर खंडग्रास असेल. भर पावसाळ्यात मुंबई-पुण्यातून सूर्य दिसण्याची आशा फारशी धरू नका. पण ढग असतात जमिनीपासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत, आणि आपलं काम आहे त्याच्या कितीतरी वर. १ आणि ३ ऑगस्टलाही त्याच वेळी, तोच सेट, तीच तार लावून ऐका. तुलनेला ते दोन दिवस लागतीलच.