ध्वनिमुद्रणाच्या संगणकातील सिस्टीम ड्राइव्हची विभागणी व निगा : बोलींच्या क्षेत्रकार्याच्या दृष्टीने एक विवेचन

बोलींच्या अभ्यासात ध्वनिमुद्रणाचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये आणि खानदेशीचा समावेश असलेला नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अभ्यासकांच्या हाती आले ते केवळ लिखित नमुने. पुढे १९१३ ते १९२९ या काळात त्याच सर्वेक्षणाच्या अनुषंगाने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बोलींचे आवाज उतरविण्यात आले. त्या तबकड्या आजही ऐकता येतात, आणि लिप्यंतरात जे निसटले त्याची चाचणी त्यांच्या आधारे करता येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने हाती घेतलेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणातही ध्वनिमुद्रित सामग्री हाच मूलाधार आहे. फरक एवढाच की, तबकडीची जागा आता संगणकाने घेतली आहे. आणि तबकडीला जशी निगा लागत असे, तशी संगणकालाही लागते. या निगेपैकी सर्वाधिक दुर्लक्षित असा जो भाग, म्हणजे सिस्टीम ड्राइव्हची व्यवस्था, त्याचाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीचे उदाहरण घेऊ. (जालना जिल्ह्यातील अंबड हे तालुक्याचे गाव निराळे.) या वसाहतीत व लगतच्या सिडको परिसरात धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली अनेक कुटुंबे राहतात. गावाकडची अहिराणी आणि कारखान्यात व शेजारात चालणारी मराठी यांच्या संपर्कात त्यांच्या भाषेचे काय होते, हा अभ्यासाचा उत्तम विषय आहे. परंतु येथे निवेदक भेटतो तो पाळी संपल्यावर किंवा साप्ताहिक सुटीच्या दिवशी. त्याचा तास-दोन तासांचा वेळ मिळणे हीच मोठी गोष्ट असते, आणि एकदा ओघात सांगितलेली हकिगत दुसऱ्यांदा त्याच ओघात सांगितली जात नाही. म्हणून संगणकाने मध्येच काही क्षण गमावले, तर ते कायमचे गमावले असे समजावे.

ही हानी नेहमी उघड दिसतेच असे नाही. मराठीतील अघोष अल्पप्राण स्फोटकात स्फोट व स्वरकंपाचा आरंभ यांमधील अंतर बहुधा ३० मिलिसेकंदांच्या आत असते. महाप्राणात ते पुष्कळ अधिक असते. मुद्रणात २० मिलिसेकंदांचा खंड पडला तर कानाला तो नेहमीच जाणवेल असे नाही. परंतु वर्णपटात तो स्पर्शाच्या अवरोधासारखा दिसू शकतो. खंडाच्या कडेला उमटणारा 'टक्' असा आवाज स्फोटाचा भास निर्माण करतो. दन्त्य व तालव्य चवर्गातील भेद, किंवा 'म्ह', 'न्ह', 'ल्ह' यांतील महाप्राणत्व मोजू पाहणाऱ्यास असा भास सरळ चुकीच्या निष्कर्षाकडे नेतो.

२. खंड का पडतो ?

४८,००० नमुने प्रतिसेकंद व २४ बिट या मानाने एका वाहिनीच्या मुद्रणास सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात, म्हणजे तासाला सुमारे ५१८ एमबी. दोन वाहिन्यांना सुमारे १,०३७ एमबी. साधी हार्ड डिस्कसुद्धा याच्या शेकडो पट वेगाने लिहू शकते. मग अडचण कोठे येते ? अडचण वेगाची नसून वेळेवर लक्ष मिळण्याची आहे. ध्वनी बफरमधून पुढे जातो. २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.३ मिलिसेकंदांत भरतो, १,०२४ नमुन्यांचा २१.३ मिलिसेकंदांत. तेवढ्या अवधीत संगणक त्याकडे वळला नाही, तर मागचे नमुने नष्ट होतात.

संगणक न वळण्याची कारणे अनेक आहेत. वाय-फायचा वा अन्य उपकरणाचा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो, हे बहुधा प्रमुख कारण असते. म्हणून केवळ डिस्कची व्यवस्था लावून सर्व खंड टळतील असे मानू नये. तथापि सिस्टीम ड्राइव्हचा वाटाही लहान नाही. अद्ययावतीकरण, विषाणू-शोधन, फाईलींची सूची तयार करणे आणि स्मृती अपुरी पडल्यावर पेज फाईलचा होणारा वापर, ही सर्व कामे याच ड्राइव्हवर चालतात. प्रति मिनिट ७,२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कवर एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात शीर्ष एका जागेवरून दुसरीकडे नेण्याचा वेळ मिळवला म्हणजे अनेक मागण्यांची रांग किती लवकर लांबते ते ध्यानात येईल. एसएसडीमध्ये फिरता भाग नसल्याने ही अडचण फार कमी होते. पण ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर तिचाही लेखनवेग मंदावतो.

याहून साधे व घातक कारण म्हणजे जागा संपणे. ऑडॅसिटीमध्ये प्रकल्प जतन न करता मुद्रण सुरू केले, तर सामग्री प्रथम सिस्टीम ड्राइव्हवरील तात्पुरत्या जागेत साठते. प्राटमधील सामान्य मुद्रण तर संगणकाच्या स्मृतीतच राहते व जतन केल्यावरच डिस्कवर येते. दीर्घ मुलाखतीसाठी प्राट वापरू नये. ऑडॅसिटी वापरताना मुद्रणापूर्वीच प्रकल्प योग्य विभागात जतन करावा.

३. विभागणीने काय साधते, काय साधत नाही

एकाच डिस्कचे दोन विभाग केल्याने मुद्रण जलद होते, हा समज चुकीचा आहे. विभाग दोन झाले तरी शीर्ष व नियंत्रक एकच राहतात. वेगाचा लाभ हवा असेल तर दुसरी स्वतंत्र डिस्क पाहिजे. तसेच विभागणी म्हणजे सुरक्षित प्रतही नव्हे. डिस्क निकामी झाली तर दोन्ही विभाग एकदमच जातात.

विभागणीचा खरा लाभ व्यवस्थेचा आहे. प्रणाली बिघडून ती नव्याने बसवावी लागली, तर मुद्रणे निराळ्या विभागात असल्याने त्यांना धक्का लागत नाही. दुसरे असे की, डाउनलोड व तात्पुरत्या फाईलींनी सिस्टीम विभाग भरला तरी मुद्रणाची जागा राखलेली राहते. तिसरे, सिस्टीम विभाग आटोपशीर असल्यामुळे क्लोनझिलासारख्या साधनाने त्याची संपूर्ण प्रतिमा घेणे सुलभ होते. चौथे, मुद्रणाच्या विभागाला सूचीकरण व क्षणोक्षणीचे विषाणू-शोधन यांतून वगळता येते. मात्र तेथील फाईलींची तपासणी कामानंतर अवश्य करावी.

५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते, कारण निर्माते दशमान पद्धतीने मोजतात व विंडोज १,०२४ च्या पटीने. तिची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल : प्रणाली व कार्यक्रम यांसाठी १६० जीबी, मुद्रणे व त्यांवरील काम यांसाठी २५० जीबी, उरलेली सुमारे ६५ जीबी जागा अविभाजित. ही मोकळी जागा पुढे ज्या विभागाला निकड भासेल त्याला देता येते. मात्र विंडोजच्या स्वतःच्या साधनाने विभाग वाढवायचा तर मोकळी जागा त्याच्या लगत उजवीकडे असावी लागते. वीस निवेदकांच्या प्रत्येकी दोन तासांच्या दुवाहिनी मुद्रणास सुमारे ४१.५ जीबी लागतात, हे पाहता २५० जीबी पुरेसे ठरतात.

४. कृती

प्रथम सर्व सामग्रीची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी व ती उघडून पाहावी. बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर लिहून ठेवावी व संरक्षण तात्पुरते स्थगित करावे. संगणक विजेला जोडलेला असावा. वीज मध्येच जाण्याचा संभव असेल तेथे बॅटरी पूर्ण भरलेली असावी. नंतर फाईल-व्यवस्थेतील दोष तपासून डिस्क मॅनेजमेंटमधून 'सी' विभाग आकुंचित करावा. जागा भरपूर असूनही आकुंचन थोडेच होऊ शकते, असा अनुभव अनेकांस येतो. त्याचे कारण पेज फाईल, हायबरनेशनची फाईल व पुनःस्थापनेचे बिंदू या न हलणाऱ्या गोष्टी मध्येच बसलेल्या असतात. त्या काही काळ बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. आरंभीचा लहान ईएफआय विभाग व पुनःप्राप्तीचा विभाग 'निरुपयोगी' दिसले तरी पुसू नयेत. पहिल्यावाचून संगणक सुरूच होत नाही.

नवा विभाग एनटीएफएस पद्धतीने तयार करावा. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाईल राहत नाही. साध्या वेव्ह फाईलचीही तीच मर्यादा आहे : ४८,००० नमुने, २४ बिट, दोन वाहिन्या या मानाने ती सुमारे ४ तास ८ मिनिटांत गाठली जाते, ९६,००० नमुन्यांना २ तास ४ मिनिटांतच. म्हणून दर तासाला नवी फाईल सुरू करणे हिताचे.

५. निगा

सिस्टीम विभागाचा किमान १५ ते २० टक्के भाग मोकळा ठेवावा. हार्ड डिस्कचे डीफ्रॅग्मेंटेशन अधूनमधून करावे. एसएसडीला त्याची गरज नसते, विंडोज तिला 'ट्रिम' ही सूचना आपणहून देते. अद्ययावतीकरण टाळू नये, पण क्षेत्रकार्याच्या दिवसांपुरते ते थांबवून परतल्यावर पूर्ण करावे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. असा संगणक मुद्रणासाठी ठेवायचाच असेल तर तो इंटरनेटपासून दूर ठेवणे इष्ट.

क्षेत्रावर जाण्यापूर्वी एक चाचणी अवश्य घ्यावी. १,००० हर्ट्झचा शुद्ध स्वन तासभर मुद्रित करून त्याचा वर्णपट पाहावा. अखंड मुद्रणात एकच आडवी रेषा दिसते. जेथे नमुने गळाले तेथे उभी रेघ उमटते. केवळ नमुन्यांची संख्या मोजून निर्णय करू नये, कारण दोन घड्याळांच्या गतीतील किंचित अंतरामुळे तासाभरात थोडा फरक निर्दोष मुद्रणातही पडतो.

शेवटी प्रतींविषयी. प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा नियम त्याच दिवशी पाळावा. प्रत मूळाबरहुकूम आहे की नाही, हे एसएचए-२५६ सारख्या पडताळा-संख्येने तपासावे. फाईलीचे नाव व आकार जुळणे हा पुरावा नव्हे. मूळ मुद्रणावर कोणतेही संस्करण करू नये. छाटणी व आवाजाचे समायोजन प्रतीवरच व्हावे. अंबडसारख्या वसाहतीतील पहिल्या पिढीच्या अहिराणी भाषकांचे बोलणे पुढील अभ्यासकांस उपलब्ध राहणार आहे ते याच फाईलींतून, आणि त्यांची विश्वसनीयता मुलाखतीच्या आधी घेतलेल्या या काळजीवर अवलंबून आहे.