'बार्बरस' : एक विशेषण, दोन अर्थ

इंग्रजी 'बार्बरस' या विशेषणाला मराठीत आपण 'रानटी' आणि 'क्रूर' असे दोन्ही प्रतिशब्द वापरतो. पैकी पहिला माणूस कोण आहे हे सांगतो, दुसरा त्याने काय केले हे. या दोहोंची गल्लत सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला तरी परवडणारी नाही.

शब्दाचे मूळ ग्रीक. ज्यांचे बोलणे ग्रीकांच्या कानाला 'बर बर' असे लागे, ते 'बार्बारोस'. आरंभी त्यात क्रौर्य नव्हते, परकेपणा होता. संस्कृतातही 'बर्बर' म्हणजे अडखळत बोलणारा, तसाच परकीय. 'म्लेच्छ'च्या धातूचा अर्थही अस्पष्ट बोलणे. भाषा कळेना म्हणून असंस्कृत, आणि असंस्कृत म्हणून क्रूर, अशी ही अर्थाची घसरण आहे.

'रानटी' मात्र रानावरून आला. त्याचा खरा जोडीदार 'सॅव्हेज'. तोही लॅटिनमधील अरण्यवाचक शब्दापासून निघाला. सुरतेच्या पूर्वेस व्यारा-डांगकडे गामित, चौधरी, कुकणा समाजांची वस्ती आहे. कुठल्याही क्रौर्याला 'रानटी कृत्य' म्हटले की रानात राहणाऱ्यांना नकळत बोल लागतो.

आता घरचे उदाहरण. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, ऑक्टोबर १६७० मध्ये पुन्हा. पहिल्या स्वारीत मुघल अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. त्याने पाठवलेल्या माणसाने भेटीत महाराजांवर शस्त्र चालवले. त्यानंतर कैद्यांचे हात तोडल्याचे इंग्रज वखारीतील समकालीन लिखाणात येते. फ्रेंच प्रवासी बर्निये मात्र सांगतो, की कापुचिन पाद्री आंब्रोझ यांच्या घराला महाराजांनी धक्का लावू दिला नाही.

कैद्यांचे हात तोडणे क्रूरच. तसे म्हणताना आपण संकोचू नये. गुजराती शेजाऱ्याच्या आठवणीत ती लूटच आहे. पण त्यावरून मराठे 'रानटी' ठरत नाहीत, आणि हाच न्याय आपण ज्यांना 'म्लेच्छ' म्हणत आलो त्यांनाही लावला पाहिजे.

म्हणून भाषांतर करताना आधी पाहावे, 'बार्बरस' कृत्याला लावले आहे की लोकांना. कृत्य असेल तर 'क्रूर', 'अमानुष' लिहावे. लोकांना लावले असेल, तर ते मत मूळ लेखकाचे आहे हे वाक्यात स्पष्ट ठेवावे. आपल्या पदरी घेऊ नये.