उताराआधी ब्रेक पाहा

गळिताचा हंगाम आला की बेळगाव परिसरातील जुने ट्रॅक्टरही उसाच्या ट्रॉल्या ओढू लागतात. ट्रॉलीस बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर सारा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येतो. म्हणून ढिला ब्रेक आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

मॅसी फर्ग्युसन ३५ सारख्या जुन्या यंत्रांत कोरडे ड्रम-ब्रेक असतात. पेडल खोल जात असेल, तर सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावून, मागची चाके जॅकवर उचलावीत. चाक अडेपर्यंत ॲडजस्टर आवळावा व ते मोकळे फिरेल इतकाच सैल करावा. दोन्ही पेडलांची चाल सारखी हवी. नाहीतर ट्रॅक्टर एका बाजूस ओढतो.

तरीही ब्रेक लागेना, तर ड्रम उघडावा. लायनर तेलकट असल्यास ॲक्सलचे सील गळते असे समजावे. आधी सील, मग लायनर बदलावे. पेट्रोलने धुणे हा चार दिवसांचा दिलासा. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

रस्त्यावर दोन्ही पेडले कडीने जोडूनच चालवावे, आणि पहिली परीक्षा रिकाम्या ट्रॅक्टरने, सपाटीवर घ्यावी. भरल्या ट्रॉलीसह उतारावर ती घेण्याची वेळ कोणावरही न येवो.