यंत्राच्या गाभ्यातील कुलपे



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर चढला म्हणजे तो बोनस, महागाई आणि संप यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मी संगणकाच्या पोटातील कुलपांविषयी बोलणार आहे. या विद्येची पदवी माझ्यापाशी नाही. दहावीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. हा विषयही मी आपण होऊन निवडलेला नाही. एका खातेचौकशीने तो माझ्या पदरात टाकला.

एका कारखान्यात मालाची तपासणी करणारा कॅमेरा यूएसबी केबलने संगणकाला जोडलेला होता. कॅमेरा अधूनमधून मुका होई. मग पाळीवरचा कामगार केबल उपसून पुन्हा बसवी आणि काम चालू होई. ही रीत त्याला वरच्यांनीच शिकविली होती. एका रात्री त्याने केबल उपसली मात्र, सारा संगणक गोठला आणि पट्टा पहाटेपर्यंत उभा राहिला. सकाळी त्याच्या हातात आरोपपत्र पडले : निष्काळजीपणाने यंत्र बंद पाडले.

चौकशीत मी त्याचा प्रतिनिधी होतो. माझ्यापुढे प्रश्न साधा होता. यूएसबीची रचनाच मुळी चालू संगणकाला उपकरण जोडता यावे आणि काढता यावे अशी केलेली आहे. मग केबल काढणे हा गुन्हा कसा? पण नुसता प्रश्न विचारून चौकशी जिंकता येत नाही. कारण दाखवावे लागते. आमच्या एका सभासदाचा मुलगा संगणकाच्या धंद्यात आहे. चार रविवार त्याने माझ्यासाठी खर्च केले. त्याच्यापाशी जे शिकलो ते आज आपणांस सांगतो.

संगणकाच्या सर्व व्यवहारावर ज्याची सत्ता चालते त्या मूळ कार्यक्रमाला कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे गाभा. आमच्या कारखान्यातला संगणक लिनक्स या कर्नेलवर चालत होता. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ते लिहावयास घेतले आणि जगभरच्या लोकांनी ते वाढविले. तुमच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल तर त्याच्याही पोटात तेच आहे. प्रत्येक उपकरणाशी बोलणारा कर्नेलचा जो भाग असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत याच्या याद्या कर्नेलमध्ये असतात, आणि ड्रायव्हरला काम करावयाचे तर आधी यादीतून आपले उपकरण शोधावे लागते.

आता कारखान्यातील हत्यारांचे स्टोअर डोळ्यांपुढे आणा. कामगार खिडकीशी येतो, आपला पितळी बिल्ला देतो आणि मायक्रोमीटर घेऊन जातो. हत्याराच्या खिळ्यावर बिल्ला लटकतो. बिल्ला लटकतो आहे तोवर त्या हत्याराची नोंद कोणी खोडत नाही आणि ते भंगारातही काढत नाही. ही रीत कोणा पंडिताने घालून दिली नाही. भांडणे होऊ नयेत म्हणून ती पडली.

कर्नेलमध्ये हीच रीत आहे. प्रत्येक उपकरणाची मेमरीत एक नोंद असते आणि त्या नोंदीत एक आकडा असतो. जो ती नोंद वापरावयास घेईल त्याने आकडा एकाने वाढवावयाचा. काम संपले की एकाने कमी करावयाचा. आकडा शून्यावर आला म्हणजेच नोंद पुसून ती जागा दुसऱ्या कामास द्यावयाची.

यादीला कुलूप असते, कारण संगणकात एकाच वेळी अनेक प्रोसेसर काम करीत असतात. एक यादी वाचीत असता दुसऱ्याने तीतून नोंद काढली तर वाचणाऱ्याचा पाय अधांतरी पडेल. म्हणून कुलूप घ्यावयाचे, शोधावयाचे आणि कुलूप सोडावयाचे. येथवर सर्वांना पटते. चूक पुढच्या पायरीवर होते. ड्रायव्हर उपकरण शोधतो, त्याचा पत्ता कागदावर टिपून घेतो, कुलूप सोडतो आणि मग सावकाश त्या पत्त्यावर जातो. दरम्यान कोणी केबल उपसली तर नोंद पुसली जाते आणि त्या जागी दुसऱ्याचाच संसार थाटलेला असतो. आपला ड्रायव्हर त्या परक्या घरात शिरून भांडी हलवू लागतो. मग काय मोडेल ते सांगता येत नाही.

म्हणून नियम असा, की शोधणे आणि बिल्ला अडकविणे ही दोन कामे एकाच कुलपाखाली झाली पाहिजेत. आधी कुलूप सोडून मग आकडा वाढविला तर मध्ये फट राहते. ती फट डोळ्यांचे पाते लवण्याहून कितीतरी लहान असते. हजार रात्री तीतून काही जात नाही आणि एका रात्री सारा पट्टा तीत पडतो. शून्यावर आलेला आकडा पुन्हा वाढविणे हाही तसाच गुन्हा. मेलेल्या माणसाच्या नावावर हजेरी लावण्यासारखा तो प्रकार आहे.

ही चूक नवशिक्यांचीच असते असे समजू नका. पीसीआय नावाच्या वाहिनीवर बसणाऱ्या कार्डांसाठी लिनक्समध्ये पूर्वी ‘पीसीआय फाइंड डिव्हाइस’ नावाची सोय होती. ती कार्डाचा नुसता पत्ता देई. आकडा वाढवीत नसे. कार्डे कायमची बसविलेली असत तोवर हे खपले. चालू यंत्रातून कार्डे काढता येऊ लागली तेव्हा ही सोय धोक्याची ठरली. तिच्या जागी ‘पीसीआय गेट डिव्हाइस’ आली. ती आकडा वाढवूनच नोंद हातात देते आणि काम झाल्यावर ‘पीसीआय डेव्ह पुट’ म्हणून नोंद परत करावी लागते. जुनी सोय पुढे काढून टाकण्यात आली.

नव्या सोयीतही एक खाच आहे. एकामागून एक कार्डे पाहत जाताना ती मागच्या कार्डाचा बिल्ला आपण होऊन परत करते. पण हवे ते कार्ड सापडले म्हणून तुम्ही मध्येच थांबलात तर शेवटचा बिल्ला तुमच्याच नावावर राहतो. तो परत करण्यास विसरलात तर ती नोंद जन्मभर पुसली जाणार नाही.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? काम पुरे होईपर्यंत कुलूप लावूनच ठेवावे. हा प्रयोगही होऊन गेला. १९९६ साली लिनक्सच्या २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसर एकत्र चालविण्याची सोय झाली तेव्हा साऱ्या कर्नेलला एकच मोठे कुलूप होते. एक आत गेला की बाकीचे बाहेर रांगेत. सुरक्षितता मिळाली, पण रांग वाढली. ते कुलूप तुकड्या-तुकड्याने फोडीत शेवटी २०११ साली पूर्णपणे काढून टाकले.

शिवाय कुलपांच्या जाती आहेत, आणि येथे दुसरा धोका येतो. स्पिनलॉक नावाचे कुलूप हवे असणारा प्रोसेसर दाराशी उभ्याउभ्या ‘उघडले का, उघडले का’ असे विचारीत राहतो. दुसरे काहीच करीत नाही. म्हणून हे कुलूप घेतलेल्याने क्षणात बाहेर यावयाचे असते. आत गेल्यावर त्याने झोपता कामा नये, म्हणजे जेथे वाट पाहावी लागेल असे कोणतेही काम काढता कामा नये. म्यूटेक्स ही दुसरी जात. हिच्यासाठी थांबणारा झोपी जातो आणि कुलूप सुटले की त्याला उठविण्यात येते. लांब कामाला ही जात बरी. पण यंत्राने घंटा वाजविली म्हणजे प्रोसेसर हातचे काम टाकून जे तातडीचे काम करतो, ज्याला इंटरप्ट म्हणतात, त्यात झोपण्यास सक्त मनाई आहे. तेथे ही जात वापरता येत नाही.

अशी कल्पना करा, की स्टोअरकीपरने दाराला कुलूप लावून मोजणी सुरू केली. इतक्यात घंटा झाली. मोजणी अर्धवट टाकून तो धावला, आणि घंटेच्या कामासाठी त्याला त्याच दारातून आत जावयाचे आहे. आता तो आपणच लावलेल्या कुलपापुढे, ते कोणी उघडील म्हणून उभा. उघडणारा तोच, आणि मोजणीवर परतल्याखेरीज त्याला उघडता येत नाही. तो जन्मभर उभा राहील. प्रोसेसरचे नेमके हेच होते. म्हणून इंटरप्टमध्येही लागणारे कुलूप घेताना त्या प्रोसेसरवरील घंटा तेवढ्यापुरती बंद ठेवावी लागते.

याहून चांगला उपाय म्हणजे घंटेच्या वेळी शोधाशोधच करू नये. ‘पीसीआय गेट स्लॉट’ ही शोधाची सोय झोपू शकणारे कुलूप घेते; इंटरप्टमध्ये ती चालतच नाही. उपकरण प्रथम जोडले जाते तेव्हा घाई नसते. तेव्हाच शोध करावा, बिल्ला अडकवावा आणि नोंद आपल्यापाशी ठेवावी. घंटा वाजली की ती तयार नोंद वापरावी आणि लांबलचक काम नंतरच्या पाळीकडे सोपवावे. उपकरण काढताना क्रम उलटा : आधी घंटा बंद, मग हाती असलेली कामे संपविणे, आणि सर्वांत शेवटी बिल्ला परत.

तिसरा धोका दोन कुलपांचा. एकाने यादीचे कुलूप घेतले आणि त्याला उपकरणाचे हवे आहे. दुसऱ्याने उपकरणाचे घेतले आणि त्याला यादीचे हवे आहे. दोघेही आपल्या जागी बरोबर, आणि दोघेही कायमचे खोळंबलेले. उपाय एवढाच, की कोणते कुलूप आधी आणि कोणते नंतर हे एकदा ठरवून लिहून ठेवावे आणि सर्वांनी ते पाळावे. उपकरण काढतानाही हीच गाठ बसते : कुलूप हातात ठेवून एखादे काम संपण्याची वाट पाहावयाची, आणि त्या कामाला तर तेच कुलूप हवे असते. २००६ साली इंगो मोलनार यांच्या प्रयत्नाने लिनक्समध्ये लॉकडेप नावाची तपासणी आली. कोण कोणत्या क्रमाने कुलपे घेतो याची ती नोंद ठेवते आणि प्रत्यक्ष खोळंबा झालेला नसतानाही ‘हा क्रम एक दिवस अडकवील’ असा इशारा देते. अपघातापूर्वीच अहवाल देणारा सुरक्षा निरीक्षक मला कारखान्यात फार थोड्या वेळा भेटला. कर्नेलमध्ये तो आहे.

एक शेवटची सूचना. बिल्ल्याने नोंद टिकते. उपकरण टिकत नाही. कामगार नोकरी सोडून गेला तरी त्याची फाईल कचेरीत राहते, तसेच हे. काढून घेतलेल्या पीसीआय कार्डाला प्रश्न विचारला तर उत्तरात बहुधा सगळे एकचेच आकडे येतात. रिकाम्या खोलीतून यावा तसा तो प्रतिध्वनी. ते खरे उत्तर समजून जो पुढे चालेल तो फसेल. म्हणून नोंद हातात असली तरी ‘उपकरण अजून आहे ना?’ हे विचारावेच लागते.

आता चौकशीकडे वळू. त्या कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमध्ये पहिलीच चूक निघाली. कॅमेरा यादीतून शोधला होता, कुलूप सोडले होते आणि नुसत्या पत्त्यावर काम चालले होते. बिल्ला कोठेच नव्हता. दुरुस्ती थोड्या ओळींची होती. मी चौकशी अधिकाऱ्यांपुढे हत्यारांच्या स्टोअरचाच दाखला ठेवला. ते स्वतः कारखान्यातून वर आलेले होते, त्यांना तो चटकन पटला. आरोपपत्र मागे घेण्यात आले.

परंतु तेव्हा मी आणखी एक गोष्ट सांगितली. ज्याने तो ड्रायव्हर लिहिला त्यालाही आता आरोपपत्र देऊ नका. त्यालाही कोणी तारीख दिली असेल, आणि त्याचे काम दुसऱ्या डोळ्यांनी तपासून घेण्यास वेळ दिला नसेल. केबल कोणी काढली हे विचारण्यास सोपे असते, कारण काढणारा पट्ट्यापाशी उभा असतो. केबल निघेल तेव्हा काय व्हावे, याचा विचार करण्यास कोणाला किती वेळ दिला होता, हे विचारावयाचे तर वरच्या मजल्यावर जावे लागते. यंत्रे वाढत आहेत आणि त्यांच्या पोटातली कुलपेही वाढत आहेत. पुढच्या वेळी ‘कामगाराच्या चुकीने यंत्र बंद पडले’ अशी बातमी वाचाल तेव्हा हा दुसरा प्रश्नही विचारा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.