स्थूलपणा निदानात लिहिलेला नसतो

‘ही मुले अशीच असतात.’ डाउन सिंड्रोम, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे वजन वाढत गेले, जिना चढताना त्याला धाप लागू लागली, की हे वाक्य नातेवाइकांकडून ऐकू येते. काही दवाखान्यांतही ऐकू येते. विकासात्मक अक्षमता आणि खालावलेली तब्येत एकमेकींच्या हातात हात घालूनच येतात, असा त्यामागचा समज आहे. तो खरा असता, तर या व्यक्तींचे आयुर्मान कधी वाढलेच नसते. १९८३च्या सुमारास अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती सरासरी पंचविशीपर्यंत जगत असे. आज ती साठीच्या आसपास पोहोचते. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत तेव्हाही होती, आजही आहे. बदल झाला तो काळजीत: हृदयाच्या शस्त्रक्रिया वेळेवर होऊ लागल्या आणि मुले संस्थेत डांबली न जाता घरात वाढू लागली. उलट बाजूचा पुरावा ब्रिटनमधला आहे. तेथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या चौकशीत दिसले, की बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतर पुरुषांपेक्षा सुमारे १३ वर्षे आणि स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा सुमारे २० वर्षे आधी दगावतात. त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू चांगली वैद्यकीय सेवा मिळती तर टळण्यासारखे होते.

वजनाचा प्रश्न मात्र एका वाक्यात निकालात काढता येत नाही, कारण तेथे शरीराचा वाटा खरोखर आहे. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू जन्मतः सैल असतात, थायरॉइडची कमतरता वारंवार आढळते, झोपेत श्वास अडकतो आणि दिवसभर मरगळ राहते. प्रॅडर-विली सिंड्रोममध्ये तर पोट भरल्याची जाणीवच होत नाही. अशा घरात खाद्यपदार्थ कुलपात ठेवावे लागतात, आणि त्यावरून आईवडिलांना कठोर म्हणणाऱ्यांना त्या आजाराची कल्पना नसते. पण ही यादी येथे संपत नाही. ऑटिझममधील चिडचिड आवरण्यासाठी दिले जाणारे रिस्पेरिडोन भूक आणि वजन दोन्ही वाढवते. फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएटचेही तेच. एक शब्द बोलला, एक काम पुरे केले, की बक्षीस म्हणून वेफर्स, चॉकलेट किंवा क्रीमचे बिस्किट देण्याची पद्धत घरी आणि शिकवणीत सर्रास आहे. ‘बिचाऱ्याला दुसरे सुख काय, खाऊ दे की’ हे प्रेमच असते, पण त्याची किंमत ज्याच्यावर प्रेम आहे तोच मोजतो. त्यात अठराव्या वर्षानंतर विशेष शाळा सुटली, की बस पकडणे, कवायत, मधल्या सुट्टीतले धावणे सगळेच थांबते आणि दिवस टीव्हीसमोर जातो. औषधे, बक्षिसे, थांबलेली हालचाल: यांतली एकही गोष्ट गुणसूत्रात लिहिलेली नाही. औषधाचा पर्याय किंवा मात्रा डॉक्टरांशी बोलून तपासता येते (स्वतःहून औषध बंद करणे मात्र धोक्याचे), थायरॉइडची रक्ततपासणी नियमित करता येते, आणि बक्षीस म्हणून आवडते गाणे किंवा झोक्यावरची दहा मिनिटे देता येतात.

‘यांना व्यायाम झेपणार नाही’ ही भीती अधिक सहानुभूतीने ऐकायला हवी, कारण तिला काही आधार आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. म्हणून हृदयतपासणी आवश्यक आहे. मान दुखणे, चाल बदलणे, हातांतली ताकद कमी होणे, लघवीवरचा ताबा जाणे अशी लक्षणे दिसली तर खेळ थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. आणि कोलांटउडी, पाण्यात सूर मारणे यांसारखे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. पण चालणे, नाचणे, सायकल, दोरीचे खेळ यांवर त्यामुळे बंदी येत नाही. सेरेब्रल पाल्सीत ताकदीचे व्यायाम केले तर स्नायू अधिक ताठरतात, असे फिजिओथेरपीतही पूर्वी मानले जाई. गेल्या काही दशकांतील अभ्यासांनी तो समज खोडून काढला: ताकद वाढते, ताठरपणा वाढत नाही. फिट्स येणाऱ्यांनी एकट्याने पोहू नये. सोबत जाणते माणूस असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शिकेत अपंगत्व असलेल्यांसाठी प्रथमच स्वतंत्र शिफारशी केल्या. त्यांतले आकडे सर्वांसाठी असतात तेच आहेत: मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे, प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल. सुरुवात थोड्यापासून करावी आणि हळूहळू वाढवावे, एवढेच. आठवड्यातून दोनदा थेरपीला नेले म्हणजे ही गरज भागली, असेही नाही. थेरपी विशिष्ट कौशल्यासाठी असते; हृदय आणि फुप्फुसे रोजची हालचाल मागतात.

‘त्यांना समजतच नाही, करून कसे घेणार?’ या आक्षेपाला उत्तर शिकवण्याच्या रीतीत आहे. तोंडी सूचनांची माळ लावण्याऐवजी करून दाखवावे, चित्रांचा क्रम भिंतीवर लावावा, वेळ आणि जागा ठरलेली ठेवावी. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६८ साली शिकागोत बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी स्पेशल ऑलिम्पिक्सच्या पहिल्या स्पर्धा भरवल्या, तेव्हाही हाच आक्षेप होता. २०२३च्या बर्लिन स्पर्धेत भारतीय खेळाडूंनी २०२ पदके आणली. तरीही माझ्या मते या पदकांचे कौतुक अपुरे आहे, कारण ज्यांना कधी पदक मिळणार नाही त्यांनाही रोज घाम यायला हवा.

सर्वांत खरा आक्षेप पालकांचा आहे: वेळ नाही, पैसा नाही, मैदानावर लोक टक लावून बघतात. हे ओझे एकट्या आईवर टाकून चालणार नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ३० नुसार त्यांचा खेळांतील सहभाग प्रत्यक्षात येईल अशी व्यवस्था करणे सरकारचे कर्तव्य आहे. तेव्हा शाळेच्या पीटीच्या तासाला तुमच्या मुलाला बाजूला बसवले जात असेल, तर मुख्याध्यापकांना लेखी कारण विचारा. आणि सोसायटीच्या बागेत, गावच्या मैदानावर असे मूल खेळायला आले, तर त्याला खेळात घ्या.